संध्याकाळची बिदागी, महिन्याचा किराणा

दहावी-बारावीचे निकाल लागले, की माझ्याकडे पालकांची ये-जा वाढते. मी व्यवसायाने पेटीवादक आहे. गेली 37 वर्षे गायकांना साथ करतो, संगीत नाटकांना वाजवतो, घरी विद्यार्थ्यांना शिकवतो, अधूनमधून ध्वनिमुद्रणाला जातो. यापलीकडे दुसरी नोकरी किंवा धंदा कधी केला नाही. त्यामुळे ज्या घरातला मुलगा किंवा मुलगी "मला पूर्णवेळ गाणंच करायचं आहे" असे म्हणून हटून बसते, त्या घरातल्या वडीलधाऱ्यांना मी या विषयातला माहितगार वाटतो. चहा होतो, मुलाचे कौतुक होते आणि मग आवाज जरा खाली आणून विचारले जाते, "पण यात भागतं का हो?"

हा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो. आईबापांनी तो विचारलाच पाहिजे. "कलेच्या बाबतीत पैशाचा विचार करू नये" असे म्हणणाऱ्यांची मला अधिक धास्ती वाटते. कारण हे वाक्य बहुधा पैसे देण्याची वेळ आलेल्या माणसाच्या तोंडी असते. तेव्हा पालकांना मी तास-दीड तास जे सांगतो, ते आज जरा नीट मांडून सगळ्यांसमोर ठेवावे म्हणतो. आपल्या घरातले कोणी गाण्यात शिरणार नसले, तरी आपण गाणे ऐकता, गणेशोत्सवात कार्यक्रम ठरवता, नातवंडांना पेटी-तबल्याच्या शिकवणीला धाडता. म्हणजे या हिशेबात आपणही आहातच.

थोडक्यात उत्तर द्यायचे तर, भागते. पण नुसत्या कार्यक्रमांवर भागत नाही. वादकाला पैसे मिळतात ते संध्याकाळचे आणि खर्च असतो तो महिन्याचा. दूधवाला, वाणी, घरमालक, वीज कंपनी, मुलांची शाळा ही सगळी मंडळी महिन्याच्या हिशेबाने चालतात. तेव्हा विचारायचे असेल तर असे विचारावे, की गाण्या-वाजवण्यावर जगणाऱ्या माणसाला महिना कोण देतो? पूर्वी कोण देत होते आणि आज कोण देते?

आधी संध्याकाळचा हिशेब पाहू. श्रोत्याला दिसतो तो 3 तासांचा कार्यक्रम. त्याआधी दोन तालमी, प्रत्येकी 3 तासांच्या. जाण्यायेण्याचे मिळून 4 तास. ध्वनियंत्रणेची तपासणी, पडद्यामागचे थांबणे, सत्कार आणि आभारप्रदर्शन उरकेपर्यंतचे ताटकळणे, याचे 2 तास. असे 15 तास होतात. पाकीट मिळते ते या 15 तासांचे. पण देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तीनच तास असतात. शिवाय त्या संध्याकाळी बोटे चालावीत म्हणून रोज सकाळी जो रियाज करावा लागतो, तो कोणाच्या हिशेबात नसतो. डॉक्टरची फी देताना त्याने रात्र-रात्र जागून केलेला अभ्यास आपण मोजत नाही, हे खरे. पण डॉक्टरच्या फीत तो अभ्यास न मोजता धरलेला असतो. आमच्या बिदागीत तो धरलेला नसतो.

वाद्याचा खर्च निराळा. दमट हवेत पेटीचे सूर बिघडतात, भाता गळू लागतो, पट्ट्या खडखडू लागतात. वर्षातून एकदोनदा तिला कारागिराकडे न्यावीच लागते. तबलजींचे तर विचारूच नका. निरनिराळ्या पट्ट्यांचे चार-पाच तबले बाळगावे लागतात, कारण गाणाऱ्या बाईंची आणि बुवांची पट्टी एक नसते. आणि पुडी फाटायला मुहूर्त लागत नाही.

आता वर्ष कसे जाते ते पाहा. श्रावणात भजने आणि मंगळागौरी. भाद्रपदात गणपतीचे दहा दिवस जेवायला फुरसत नसते आणि लागलीच पितृपक्षाचा शुकशुकाट. नवरात्रात पुन्हा धावपळ. दिवाळीत तर गंमतच असते. गावोगावी 'दिवाळी पहाट' होते आणि सगळ्यांना त्याच तीन-चार दिवसांतली पहाट हवी असते. एका पहाटेसाठी आठ ठिकाणांहून निरोप येतात आणि वाजवणारा एकच. सात जणांना नाही म्हणायचे आणि पुढे मार्चमध्ये त्या सातांची आठवण काढत बसायचे! थंडीत संगीत महोत्सव. फेब्रुवारी-मार्चमध्ये शाळेच्या परीक्षा, म्हणून शिकवण्या ओस. एप्रिल-मेमध्ये लग्नसराई असते, पण विद्यार्थी गावी गेलेले. आषाढात एकादशीच्या सुमारास अभंगांचे कार्यक्रम आणि पुन्हा श्रावणाची वाट. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी कणगीतले धान्य जसे पुढच्या सुगीपर्यंत पुरवतात, तशी आमच्या घरी दिवाळीची मिळकत जूनपर्यंत पुरवावी लागते.

घर घेताना मी एका बँकेत कर्जासाठी गेलो होतो. तिथल्या साहेबांनी पगारपत्रक मागितले. मी तीन वर्षांची प्राप्तिकराची विवरणपत्रे पुढे केली. ती त्यांनी सावकाश चाळली आणि म्हणाले, "मिळकत दिसतेय हो, पण पगार कोण देतं?" माणूस सज्जन होता, त्याला कागद भरायचा होता. शेवटी कर्ज मंजूर झाले ते माझ्या पत्नीच्या नावावर. ती शाळेत शिक्षिका होती. आम्हा पूर्णवेळ म्हणवणाऱ्या कलावंतांपैकी कितीतरी जणांच्या मागे असा एक बांधलेला पगार उभा असतो. बायकोचा, बहिणीचा, कधी वडिलांच्या निवृत्तिवेतनाचा. कलेचे आश्रयदाते म्हणून यांची तसबीर कुठल्या सभागृहात लागत नाही, एवढेच.

तर मुद्दा महिन्याचा. आपल्याकडे संगीताला महिना देणारे धनी एकामागून एक बदलत गेले. पहिले धनी म्हणजे संस्थानिक. कोल्हापुरात शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना आश्रय दिला. बडोद्याला गायकवाड सरकारचा 'कलावंत कारखाना' हे गायक-वादकांचे स्वतंत्र खातेच होते. फैयाज खाँ हे त्याच दरबारचे गवई. दरबाराची चाकरी फार सुखाची होती असे कोणी समजू नये. मर्जी सांभाळावी लागे आणि मालक बदलला की दिवस पालटत. पण महिना ठरलेला असे. स्वातंत्र्यानंतर संस्थाने गेली. कोल्हापूर 1949 मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले आणि 1971 मध्ये संस्थानिकांचे तनखेही बंद झाले.

दुसरी धनीण म्हणजे नाटक मंडळी. 1880 साली किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले आणि पुढची 50 वर्षे संगीत नाटकाने महाराष्ट्राला वेड लावले. आपण नटांच्या आठवणी काढतो. पण या मंडळ्यांनी किती वादक पोसले हे विसरतो. कंपनीच्या बिऱ्हाडात राहायचे, कंपनीच्या पंगतीत जेवायचे, रात्री वाजवायचे आणि महिन्याला पगार घ्यायचा. 1913 साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष असत. एवढ्या तोलाचे साथीदार नाटकाच्या पगारावर होते!

थिरकवा खाँसाहेबांचे आयुष्य या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. बालगंधर्वांच्या कंपनीनंतर ते रामपूरच्या नवाबांच्या पदरी राहिले आणि दरबार संपल्यावर लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात शिकवू लागले. 1970 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. नाटक मंडळी, संस्थान आणि विद्यालय असे तीन धनी एकाच हयातीत त्यांनी पाहिले. तबला तोच होता, हातही तेच होते. महिना देणारे बदलत गेले. आणि ते मिळत गेले म्हणून तो तबला आपल्याला ऐकायला उरला.

1931 मध्ये 'आलम आरा' आला, 1932 मध्ये 'अयोध्येचा राजा'. बोलपटांनी नाटक मंडळ्यांचे कंबरडे मोडले. पण त्याच चित्रपटाने काही वर्षांनी दुसऱ्या वादकांना घर दिले. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून मुलांना व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकवली जाई. ती मुले मोठी होऊन मुंबईत आली. कागदावरचे स्वर वाचून चटकन वाजवणारी माणसे चित्रपटांच्या वाद्यवृंदांना हवीच होती. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस आणि शंकर-जयकिशन यांचे वाद्यवृंद-संयोजक सेबास्तियन डिसूझा ही त्यांतली ठळक नावे. गोन्साल्विस यांनी ज्यांना व्हायोलिन शिकवले, त्या प्यारेलाल यांनी 1977 च्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातल्या गाण्यात गुरूंचे नाव घरोघर पोहोचवले. पैसे शिफ्टचे मिळत. पण शिफ्टला शिफ्ट लागून असे, म्हणून त्याचा महिना होई. वादकांची संघटना होती आणि तिने श्रेणीप्रमाणे दर बांधून घेतले होते. पुढे कळफलकाचे विद्युत वाद्य आले. 20 व्हायोलिनांचा आवाज एक माणूस दोन हातांनी काढू लागला. 1990 च्या दशकात ते मोठे वाद्यवृंद विरत गेले आणि शिफ्टही विरळ झाल्या.

आकाशवाणी हा आणखी एक भक्कम धनी. तिच्या नोकरीतल्या वादकांना दरमहा वेतन मिळे आणि बाहेरच्या कलावंतांना श्रेणीनुसार ठरलेले मानधन. खेड्यातल्या गुणी माणसालाही परीक्षा देऊन आत जाता येई. मात्र माझ्या वाद्याला हे दार बंद होते. 1940 मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. ती सैल झाली 1971 मध्ये. म्हणजे 31 वर्षे देशातल्या सर्वांत मोठ्या मालकाकडे पेटीवाल्याला जागा नव्हती. हे वाद्य परदेशी, त्यावर मींड निघत नाही, श्रुती मिळत नाहीत, असे आक्षेप होते. ते संगीतदृष्ट्या खरे की खोटे, हा वाद पंडितांनी करावा. मला त्यात दिसतो तो हा, की एका कागदावरच्या निर्णयाने शेकडो घरांचा संभाव्य महिना गेला. तरीही पेटी टिकली. कारण नाटक, भजन, कीर्तन आणि शिकवण्या यांनी तिला जगवले.

महिन्याची जुनी रीत अजूनही थोडीफार दिसते ती तमाशाच्या फडात. नारायणगावला हंगामाच्या तोंडावर फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पुढारी येऊन जत्रेच्या सुपाऱ्या देऊन जातात. ढोलकीवाला, हलगीवाला, तुणतुणेवाला हे हंगामभरासाठी बांधलेले असतात. हंगामापूर्वी त्यांना 'उचल' मिळते, म्हणजे आगाऊ रक्कम. पावसाळ्यात घर त्या उचलीवर चालते. उचल फिटली नाही तर पुढचाही हंगाम त्याच फडात काढावा लागतो. म्हणजे आधार आहे आणि बेडीही आहे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना दोनदा राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. त्यांचीही अखेर 2002 साली हलाखीत झाली, हे आपण सर्वांनी वाचले आहे. पदकाने महिना निघत नाही.

याच इतिहासात एका माणसाने फार निराळा विचार केला. विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेला बाळकृष्णबुवांकडे शिकले. पण संस्थानच्या आश्रयावर राहायचे नाही असे त्यांनी ठरवले. 1901 मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि 1908 मध्ये मुंबईत. एका राजाच्या मर्जीवर जगण्यापेक्षा शंभर घरांच्या फीवर आणि वर्गणीवर संगीताने जगावे, ही त्यामागची कल्पना. ती त्यांच्या हयातीत पैशाच्या बाजूने पार पडली नाही. मुंबईची इमारत कर्जापायी लिलावात गेली. पण 1931 मध्ये बुवा गेल्यानंतर शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभारले. आपल्या मुली 'प्रारंभिक'पासून 'विशारद'पर्यंतच्या ज्या परीक्षांना बसतात, त्या याच मंडळाच्या. मोगूबाई कुर्डीकरांसारख्या थोर गायिकेनेही पतीच्या निधनानंतर मैफलींबरोबर शिकवण्या करून मुलांना वाढवले. त्यांतली एक मुलगी किशोरी आमोणकर.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर देता येईल. संस्थानिक गेले, नाटक मंडळ्या गेल्या, चित्रपटांचे मोठे वाद्यवृंद गेले, आकाशवाणीतला नव्या भरतीचा ओघ आटला. आज गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला महिना देतो कोण? आपण देता. आठवड्यातून दोनदा मुलीला शिकवणीला आणून सोडणारे आईबाबा, निवृत्तीनंतर पेटी शिकायला बसलेले आजोबा, अमेरिकेतून पडद्यावर शिकणारी मराठी घरातली मुले हे आजचे आमचे दरबार आहेत. माझ्या घरी महिन्याचा किराणा गेली कित्येक वर्षे शिकवण्यांवरच येतो. मैफलीची बिदागी येते तेव्हा पेटी दुरुस्त होते, घराचा हप्ता आधी भरता येतो, सणाला कापड येते.

हे किती खरे आहे, ते 2020 च्या मार्चमध्ये कळले. टाळेबंदी लागली आणि एका आठवड्यात सगळ्या तारखा पुसल्या गेल्या. मधली थोडी उघडीप सोडली, तर महाराष्ट्रातली नाट्यगृहे पुन्हा उघडायला 2021 चा ऑक्टोबर उजाडला. ज्यांच्या शिकवण्या होत्या, ते दूरध्वनीच्या पडद्यावरून शिकवू लागले. आवाज पोहोचायला पळभर उशीर लागतो, त्यामुळे गुरू-शिष्यांना एकत्र गाता येत नाही. ठेका विद्यार्थ्याने आपल्याकडे लावायचा आणि आपण ऐकून चूक सांगायची. तेही जमले. पण ज्यांचे पोट ऑर्केस्ट्रा, बँड, जत्रा आणि लग्नांवर होते, त्यांना हे दारही नव्हते. माझ्या ओळखीच्या दोघा वादकांनी भाजीची गाडी लावली. एक ढोलकवाला रिक्षा चालवू लागला. भाजीवाले दोघे परतले; रिक्षावाला परतला नाही. त्याला आता रोज संध्याकाळी रोकड दिसते आणि मुलांच्या फीची तारीख चुकत नाही. त्याला परत ये म्हणायला माझ्याकडे शब्द नाहीत. पण त्याच्या हातातला ठेका आमच्या गावात पुन्हा ऐकू आलेला नाही.

यंत्रांचे म्हणाल तर त्यांच्यावर मी रागावत नाही. विजेवरचा तंबोरा आणि तबला आला, म्हणून दोन खोल्यांच्या घरातली मुलगी पहाटे पाचला एकटी रियाज करू शकते. पूर्वी तिला तबलजी बोलवावा लागला असता आणि ते सगळ्यांना परवडणारे नव्हते. मात्र त्या घरोघरच्या रियाजावर नव्या तबलजींचा महिना निघत असे, हेही खरे. तयार ध्वनिपट्टीवर गाण्याची हौस आता गावोगाव पसरली आहे. हौस जरूर करावी. पण पट्टी आपल्यासाठी थांबत नाही. गाणारा चुकला, श्वास कमी पडला, एखादी जागा पुन्हा घ्यावीशी वाटली, तर सांभाळून घेणारा माणूसच लागतो. तो माणूस तयार व्हायला दहा-पंधरा वर्षे लागतात आणि तेवढी वर्षे त्याने कशावर जगायचे, हा आपला आजचा विषय.

सरकारचे काही आहे का, असे विचारले जाते. वृद्ध कलावंतांना दरमहा मानधन देण्याची राज्य सरकारची योजना आहे आणि ती चांगली आहे. कायदाही सुधारला आहे. 1994 च्या दुरुस्तीने सादरकर्त्या कलावंताचे हक्क मान्य झाले आणि 2012 च्या दुरुस्तीने त्याला मानधनाच्या वाट्यावर अधिकार मिळाला. पण साथीदार बहुधा एकरकमी पैसे घेऊन, कागद न वाचता सही करून घरी येतो. शिवाय म्हातारपणीची सोय म्हातारपणी. पंचविशी ते पन्नाशी या काळात घर उभे राहायचे असते, तेव्हाचा महिना सरकार देणार नाही.

म्हणून पालकांना मी काही व्यावहारिक गोष्टी सांगतो. मुलाला खरोखर पूर्णवेळ हे करायचे असेल, तर एकाच धारेवर त्याला सोडू नका. साथ करता आली पाहिजे, शिकवता आले पाहिजे, स्वरलिपी वाचता-लिहिता आली पाहिजे, घरच्या घरी ध्वनिमुद्रण करता आले तर फारच उत्तम. नाट्यगीत, अभंग, भावगीत, ख्याल यांपैकी कशालाही बोलावणे आले तरी हात चालला पाहिजे. पूर्णवेळ उतरण्याआधी सहा महिन्यांचा घरखर्च गाठीला असू द्या. तोपर्यंत पदवीचे शिक्षण पुरे होत असेल तर होऊ द्या. त्याने सूर बिघडत नाही. मानधन किती, ते स्पष्ट विचारायला आणि लिहून घ्यायला शिकवा. आमच्या पिढीने "तुम्ही द्याल ते" म्हणण्यात फार वर्षे घालवली. आणि दूरदर्शनवरच्या स्पर्धेत तो किती पुढे गेला यावरून त्याची पारख करू नका. त्याच्याकडे शिकायला आलेले पोर दुसऱ्या वर्षीही टिकते का, ते पाहा. या धंद्यात तीच खरी परीक्षा आहे.

आणि आपणा सर्वांना, म्हणजे आजच्या दरबारांना, चार गोष्टी मागाव्याशा वाटतात. पहिली, शिकवणीची फी बारा महिन्यांची द्या. मे महिन्यात मूल मामाच्या गावी जाते, परीक्षेसाठी एक महिना बंद, गणपती-दिवाळीचा आणखी एक. असे तीन महिने कापले, की शिकवणाऱ्याच्या वर्षाच्या मिळकतीतला चौथा हिस्सा जातो. शाळेची फी आपण सुट्टीची कापून देत नाही. दुसरी, कार्यक्रम ठरवताना साथीदारांचे मानधन गायकापासून वेगळे ठरवा आणि त्यांच्या हातात त्याच रात्री द्या. तिसरी, पत्रिकेत त्यांची नावे छापा. 'साथसंगत' एवढा मोघम शब्द छापून भागवू नका. पुढचे बोलावणे त्या छापलेल्या नावावरून येते. चौथी, "व्यासपीठ मिळेल" म्हणून कोणाला फुकट बोलावू नका. मांडववाल्याला, जेवणवाल्याला, फुलवाल्याला आपण व्यासपीठ देत नाही, पैसे देतो.

मोठ्या नावांची काळजी करायचे कारण नाही. त्यांना श्रोते आहेत आणि असतील. काळजी आहे ती मधल्या फळीची. गल्लीतल्या मुलाला पहिला 'सा' लावायला शिकवणारा, मंडळाच्या आरतीला पेटी धरणारा, तालुक्याच्या गावी आलेल्या नामवंत गायिकेला आयत्या वेळी साथ करणारा असा जो कोणी असतो, तो गेला की कळायला वर्षे लागतात. मोठा गवईही आधी अशाच कोणाच्या तरी ओसरीवर बसून तयार झालेला असतो. ती ओसरी महिन्याच्या हिशेबावर उभी असते. येत्या एक तारखेला किराण्याची यादी कराल, तेव्हा शिकवणीची फी तिच्या पहिल्या ओळीत लिहा.